बाबांच्या कूलरची पुस्तकी दुरुस्ती

वाचनालयातल्या पुस्तकातून शिकता येत नाही अशी एकही गोष्ट या जगात नाही! हे मी आजच सांगतोय असं समजू नका. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाल्यापासून रोज सांगतोय. हे वाक्य सुरू झालं की आमची बायको, आरती, उठते आणि गॅस बंद आहे का ते बघायला जाते.

पण तुम्हीच सांगा, मी खोटं बोलतोय का? वाचनालयाच्या जोरावर मी प्राणायाम शिकलो. (मान आखडली, ती गोष्ट वेगळी.) पाव भाजायला शिकलो. (तो पाव अजून मागच्या दाराला अडसर म्हणून कामाला येतो.) मोडी लिपी शिकलो. आता माझं मोडी मलाच वाचता येत नाही, पण शिकलो की नाही?

हा गुण माझ्या रक्तातलाच. आमचे बाबा, पंजाबराव गावंडे, अकोल्याला मराठीचे मास्तर होते. दर रविवारी सायकलच्या दांड्यावर मला बसवून ते वाचनालयात न्यायचे. तिथला वास अजून माझ्या नाकात आहे. जुने कागद, पुस्तकं चिकटवायची खळ, आणि उन्हाळ्यात दाराला लावलेला वाळ्याचा ओला पडदा. मी राक्षसांच्या गोष्टी शोधायचो आणि बाबा 'घरच्या घरी करून पाहा'च्या कपाटापुढे उभे राहायचे. पुस्तक वाचून त्यांनी साबण केला. तो लावून आंघोळ केली की तो साबण काढायला दुसरी आंघोळ करावी लागे. पुस्तक वाचून त्यांनी रेडिओ उघडला. त्यानंतर त्या रेडिओवर फक्त शेतमालाचे भाव लागायचे. आमच्याकडे तेव्हा शेतीही नव्हती!

आणि मग त्यांनी कूलर केला.

ज्यानं अकोल्याचा मे महिना काढला नाही, त्याला कूलर म्हणजे काय ते सांगून कळायचं नाही. पत्रा बाबांनी कापला, सांगाडा लोहाराकडून जोडून घेतला, आणि पंख्याचं पातं कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या भंगारातून उचलून आणलं. हवा अशी फेकायचा की समोर ठेवलेलं ताट हलायचं! पण आवाज? बाप रे बाप! खडखड, खडखड, घुर्रर्र, मध्येच एक ठण्ण, आणि पुन्हा खडखड. कूलर सुरू असला की घरात ओरडूनच बोलावं लागे. त्यामुळे आमच्याकडे गप्पा चालल्यात की भांडण, हे शेजाऱ्यांना कधीच कळलं नाही.

माझ्या नोकरीपायी आम्ही अमरावतीला राजापेठेत आलो, तेव्हा ट्रकमध्ये सगळ्यात आधी कूलर चढला. होळी झाली की बाबा त्याच्या बाजूच्या ताट्यांमध्ये नवा वाळा भरायचे, पाण्याच्या पहिल्या धारेला अख्खं घर मातीच्या वासानं भरून जायचं, आणि आई म्हणायची, "लागला उन्हाळा!"

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. यंदा होळीनंतर कूलर सुरूच होईना, म्हणून तो गच्चीवर गेला. आणि पुण्याहून आमच्या चिरंजीवांनी, म्हणजे कुलदीपनं, आजीच्या खोलीसाठी एसी पाठवला. गुपचूप चालणारा, पांढरा शुभ्र.

आईनं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "या डब्ब्यात मले झोप येत नाई बा."

"थंडी वाजते का?" मी तापमान वाढवलं.

"नाई."

"मग शाल देऊ का?"

"श्याम्या, मले थंडी नाई वाजून राहिली. झोप येत नाई म्हनलं!"

"पण काहून?"

"आता काय सांगू? येत नाई म्हंजे येत नाई!"

अर्धा चैत्र असाच गेला. आई दुपारभर छताकडे बघत पडून राहायची. डोळे खोल गेले. आणि एके दिवशी तिनं जाहीर केलं, "आखजीले तुह्या बाबाची घागर भरतो, अन् मंग मी मोर्शीले रामरावकडे जातो. तिकडेच राहीन."

आखजी म्हणजे अक्षय तृतीया, आणि रामराव म्हणजे माझा मामा. मोर्शीला त्याची संत्र्याची बाग आहे. आईनं नुसतं सांगितलं नाही, तर कापडी पिशवीत दोन लुगडी घालून ती खुंटीला टांगली! साठीचा झालो म्हणून काय झालं? बाबा गेले, आता आईही गेली तर या घरात मला 'श्याम्या' म्हणणारं कोण राहणार?

"आई," मी छाती पुढे काढली, "आखजीच्या दिवशी बाबांचा कूलर सुरू करून देतो. मग तर राहशील?"

आईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "तो सुरू झाला तर राहीन."

आरती म्हणाली, "अहो, मेकॅनिकले बोलवा ना!"

मेकॅनिक येऊन गेलाच होता. कूलरला एक लाथ मारून "काका, भंगारात द्या" म्हणाला होता. बाबांच्या कूलरला लाथ! मी तडक वाचनालयात गेलो.

आमच्या वाचनालयात सकाळपासून स्पर्धा परीक्षेची पोरं बसलेली असतात. श्वास घेतला तरी बारा डोकी वर होतात. ग्रंथपाल माया मॅडम स्वभावानं फार गोड, पण 'शांतता राखा' या पाटीखाली बसतात, आणि कोणी बोललं की स्वतः न बोलता त्या पाटीकडे बोट दाखवतात. त्यांनी मला विजेच्या घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचं एक जाडजूड पुस्तक काढून दिलं, शिवाय संगणकावर व्हिडिओही लावून दिला. मी हेडफोन कानाला लावला. आवाज येईना. वाढवला. तरी येईना. पूर्ण वाढवला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हेडफोनची पिन माझ्या हातातच आहे! तोवर अख्ख्या वाचनालयानं ऐकलं होतं, "नमस्कार दोस्तों! आज हम खोलेंगे कूलर की मोटर!!"

बारा डोकी वर झाली. माया मॅडमचं बोट पाटीकडे गेलं.

पण त्या मनानं मोठ्या! मी पुस्तक घेऊन निघालो तेव्हा दाराजवळ थांबवून हळूच म्हणाल्या, "काका, त्या भिंतीवर मी 'वाचनालयात शिकलो' म्हणून फलक लावलाय. फोटो द्यायला कोणी येतच नाही. तुमचा कूलर सुरू होईल तेव्हा मी स्वतः येते फोटो काढायला."

झालं! आता प्रश्न फक्त कूलरचा राहिला नाही. गावंडे घराण्याच्या कीर्तीचा झाला.

दोन हमालांकडून मी कूलर खाली अंगणात, आईच्या खोलीच्या खिडकीबाहेर आणवला. तोंड खिडकीत, पाठ शेजारच्या शालूताईंच्या अंगणाकडे. मध्ये कमरेएवढी भिंत. आई आतून विचारायची, "जमून राहिलं का रे?" आणि मी म्हणायचो, "पुस्तकात सगळं दिलं आहे!"

आणि खरंच दिलं होतं. पुस्तकात लिहिलं होतं की तेल घाला, घातलं. स्क्रू आवळा, आवळले. जाळी हलत असेल तर फटीत जाड पुठ्ठा बसवा, बसवला. नवा वाळा भरला. मग मोटर उघडली आणि मी कपाळाला हात लावला. पुस्तकातल्या आकृतीत जी तार डावीकडे होती ती बाबांनी उजवीकडे जोडली होती, आणि उजवीकडची डावीकडे! मला हसूच आलं. बाबा मराठीचे मास्तर, र्‍हस्वदीर्घाची चूक सोडायचे नाहीत, पण विजेचं काय कळणार बिचाऱ्यांना! मी प्रेमानं ती चूक दुरुस्त केली. तारा हुबेहूब आकृतीप्रमाणे जोडल्या.

अक्षय तृतीया उजाडली. बाबांच्या नावानं घागर भरली, वर खरबूज ठेवलं. पुरणपोळी, आंब्याचा रस, चिंचवणी, तळलेल्या कुरडया, असा नैवेद्य दाखवला. आईनं हात जोडले आणि घागरीला म्हणाली, "पाहा वो, तुमचा कूलर लावून राहिला पोरगा."

माया मॅडम आल्या. कॉटनची नवी साडी नेसून, मोबाइल पुसून. "मी अंगणातून घेते फोटो," म्हणाल्या, "कूलर पूर्ण दिसायला पाहिजे." आणि कूलरच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. वाचनालयाचं नाव दिसावं म्हणून पुस्तक मी भिंतीवर उघडून ठेवलं. आरती त्यांच्या शेजारी थांबली. मी खोलीत. आई पलंगावर, कूलरच्या समोर, डोळे मिटून.

नारळ फोडला. आधी पाण्याची मोटर लावली. वाळा भिजला आणि तो वास आला! आईच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मी बटण दाबलं.

पंखा फिरला. अगदी अलगद, लोण्यासारखा! पण हवा?

हवा येईना.

"येते का गं आई?"

"नाई."

बरेच दिवस बंद होता, अडखळत असेल. मी दोनवर केला. खिडकीचा पडदा उठला आणि सरळ कूलरच्या जाळीला जाऊन चिकटला. बाहेरून कोणीतरी किंचाळलं. मला वाटलं, कौतुक चाललंय.

"आता?"

"श्याम्या, माह्या डोक्यावरचा पदर तिकडे जाऊन राहिला!"

"म्हणजे हवा आहे! थोडी कमी आहे!" असं म्हणून मी कूलर तीनवर केला.

आता घागरीपुढच्या उदबत्तीचा धूर, पत्रावळ, टेबलावरचं वर्तमानपत्र, सगळं उठून कूलरकडे निघालं! आणि बाहेरून एकदम तीन बायकांचा आवाज आला.

"अहो, बंद कराऽऽ!"

"काका, बंद करा, बंद कराऽऽ!"

"माय वोऽऽ! भाऊजी, माह्या कुरडया!!"

मी बंद करून बाहेर धावलो. काय सांगू तुम्हाला! कूलर समोरून हवा देण्याऐवजी समोरून ओढत होता आणि पाठीमागून फेकत होता. भिजलेल्या वाळ्यातून जाईल ती हवा पाणी घेऊनच जाणार! माया मॅडम नखशिखांत भिजल्या होत्या आणि केसांत वाळ्याच्या काड्या होत्या. आरती माझ्याकडे अशी बघत होती की त्या उन्हातही मला थंडी वाजली. वाचनालयाचं पुस्तक भिजून फुगलं होतं. आणि भिंतीपलीकडे शालूताईंच्या दोन्ही खाटांवरच्या कुरडया! पहाटे उठून, चीक शिजवून, लेकीच्या म्हणजे पायलच्या सासरी पाठवायला घातलेल्या कुरडया! अर्ध्या सुकलेल्या त्या, पाणी पडताच पुन्हा चीक होऊन खाटेतून गळत होत्या.

"भाऊजी, तुमी भैताडले का हो?" शालूताईंना रडावं की मारावं ते कळेना. "पुढच्या आठवड्यात जावाई येऊन राहिला कुरडया न्यायले! आता त्याले काय देऊ, तुमचं पुस्तक?"

आईला शब्द दिला होता, कूलर उलटा चालत होता, आणि ती पिशवी खुंटीला टांगलेलीच होती. मला खरंच रडू आलं.

इतक्यात खिडकीतून आवाज आला. पदर सावरत आई खिडकीशी आली होती आणि हसत होती! साधंसुधं नाही, पोट धरून. बाबा गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"अरे श्याम्या!" तिला बोलवेना. "अरे, तुह्या बाबानंबी असंच केलं होतं! अकोल्याले! पुस्तक वाचून तारा लावल्या, अन् शेजारच्या माणिकबाईचे सगळे पापड भिजवले! दोन दिवस ती आमच्याशी बोलली नाई! त्या जिनिंगच्या पात्याचा पीळच उलटा हाये रे. म्हनून मंग त्याईनं तारा उलट्या लावल्या!"

म्हणजे बघा! पातं उलटं, म्हणून तारा उलट्या. दोन उलट्या मिळून बाबांनी एक सुलटा कूलर केला होता. तो इतकी वर्षं चालला. आणि मी त्यातली एक उलट दुरुस्त केली!

शालूताईही हसायला लागल्या. माया मॅडम तर भिंतीला टेकून हसत होत्या. आरती हसली नाही. पण टॉवेल आणायला आत गेली ती मोठ्यानं खिदळतच गेली.

मी तारा पुन्हा बाबांनी लावल्या होत्या तशा लावल्या. बटण दाबलं. आणि हवा आली! गार, ओली, वाळ्याच्या वासाची. पडदा आत उडाला. माझे डोळे भरून आले. तीच हवा हो! जेवण करून आई आडवी झाली. आम्ही दार लोटून घेतलं.

थोड्या वेळानं आत डोकावलो. आई छताकडे बघत होती.

"काय झालं? गार नाही लागत?"

"मस्त लागून राहिलं."

"वास?"

"वास बी तोच हाये."

"मग?"

आई उठून बसली. खुंटीवरच्या पिशवीकडे पाहत म्हणाली, "याचा आवाज कुठी गेला रे?"

"आवाज? तो मी बंद केला! पुस्तकात वाचून! एकदम शांत!"

"तुले कोनं सांगितलं होतं?" आई म्हणाली, आणि मग आवाज उतरवून बोलली, "तुहा बाबा असाच घोरे. खडखड, खडखड. मधातच एक ठण्ण. तो घोरत हाये का कूलर वाजून राहिला, मले कधी समजलंच नाई. तो गेला तवाबी कूलर होता, तर वाटे, हाये कोनी घरात. आता हे दोनी चूप. अशा चुप्पीत कोनाले झोप येईन?"

मी तिथंच पलंगाच्या कडेला बसलो. इतके दिवस मी तिला शाल देत होतो, तापमान वाढवत होतो. तिचं दुखणं थंडीचं नव्हतंच. बाबांची आठवण मला वाळ्याच्या वासात यायची. तिला ती या खडखडाटात यायची आणि मी तोच तेल घालून पुसून टाकला होता!

दुसऱ्या दिवशी फुगलेलं पुस्तक पोटाशी धरून मी वाचनालयात गेलो. सगळे स्क्रू सैल करून पाहिले होते, पण ती खडखड काही येईना. गेल्या गेल्या विचारलं, "मॅडम, चांगल्या चाललेल्या कूलरचा आवाज कसा वाढवायचा, यावर एखादं पुस्तक आहे का हो?"

बारा डोकी वर झाली. माया मॅडमनी पाटीकडे बोट दाखवलं. मग हळूच म्हणाल्या, "काका, आधी हे वाळवून आणा."

खाली मान घालून घरी आलो. गल्लीच्या तोंडाशीच ऐकू आलं. खडखड, खडखड, घुर्रर्र, ठण्ण! मी धावतच खोलीशी गेलो. जाळीच्या फटीत मी इमानानं बसवलेला पुठ्ठा आईनं उपसून जमिनीवर फेकला होता. पिशवी खुंटीवर नव्हती. तिच्यातली लुगडी कपाटात होती. आणि आई तोंड उघडं टाकून, कूलरच्या वरताण घोरत होती.

आता आमच्या घरात पुन्हा सगळे ओरडून बोलतात. आरती म्हणते की मी तिचं ऐकत नाही. मी म्हणतो, "काय म्हणालीस?"

राहिला शालूताईंचा हिशेब. त्यांनी मला त्याच दिवशी शिक्षा सुनावली होती. जावई यायच्या आत सगळ्या कुरडया नव्यानं, आणि सोऱ्या दाबायला मी! "पुस्तक आणू का वाचनालयातून?" असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "पुस्तक नाई लागत भाऊजी, दंड लागते दंड!" पहाटेपासून सोऱ्या दाबून माझे दोन्ही खांदे निखळायचे राहिले. पहिल्या खाटेवरच्या कुरडया गांडुळांसारख्या दिसत होत्या. दुसऱ्या खाटेवरच्या बऱ्या झाल्या. तिथंच एका कोपऱ्यात वाचनालयाचं पुस्तकही वाळत ठेवलं.

त्या पुस्तकाची चौकशी करायला माया मॅडम आल्या आणि जाता जाता एक फोटो काढून गेल्या. आता कधी आमच्या वाचनालयात गेलात तर 'वाचनालयात शिकलो' या फलकाकडे जरूर बघा. त्यावर एकच फोटो आहे. मागे खिडकी, खिडकीत बाबांचा कूलर, त्याच्यामागे अंधूकशी दिसणारी आमची गाढ झोपलेली आई. आणि पुढे घामाघूम झालेला मी.

फोटोखाली सुंदर अक्षरात लिहिलंय: 'आमचे जुने वाचक श्री. श्याम गावंडे कुरडया घालायला शिकले!'